काचा पुसायची साधनं: घरचा जुगाड कुठे चालतो आणि विकतचं कुठे घ्यावंच लागतं

इमारतीतल्या स्लायडिंग खिडकीची बाहेरची काच पुसायला बाजारात बरीच साधनं मिळतात. लांब दांड्याचा वायपर, चुंबकाचा दुहेरी क्लीनर, रोबो, आणि फवाऱ्यांच्या बाटल्या तर मोजता येणार नाहीत इतक्या. घरोघरी बनणारे जुगाडही तितकेच आहेत. इथे या दोन्हींची पारख केली आहे. काच किती चकाकते हा मुद्दा बाजूला ठेवलाय, कारण चकाकी साध्या पाण्यानेही येते. बघायचंय ते एवढंच, की पुसणाऱ्याचे हात, डोळे, फुफ्फुसं आणि खालून जाणाऱ्या माणसाचं डोकं सुरक्षित राहतं का.

निवाडा आधीच सांगतो. खिडकीच्या आत राहणारं सगळं घरचं चालतं: पाणी, साबण, फडकं, बादली. बरेचदा घरचंच जास्त चांगलं. काचेच्या पलीकडे जाणारी वस्तू मात्र पक्क्या जोडाची, शक्यतो विकतची हवी आणि ती दोरीने घरातल्या भक्कम जागेला बांधलेली हवी. माणसाने पलीकडे जायचंच नाही. हात बाहेर गेला तरी खांदा आणि डोकं चौकटीच्या आत राहिलं पाहिजे.

दांडा आणि वायपर

सगळ्यात जास्त दिसणारा जुगाड म्हणजे बांबू, केरसुणीचा दांडा किंवा उरलेला पीव्हीसी पाइप, आणि त्याच्या टोकाला सुतळीने, चिकटपट्टीने किंवा केबल टायने बांधलेला वायपर. आतली उंच झरोक्याची काच पुसायला हे ठीक आहे. खिडकीबाहेर ते धोक्याचं ठरतं, आणि त्याला कारण त्याचा जोड. सुतळी भिजली की फुगते आणि वाळली की सैल पडते. चिकटपट्टीचा गोंद साबणाच्या पाण्यात सुटतो. पांढरे केबल टाय काही महिने उन्हात राहिले की ठिसूळ होतात, आणि गुळगुळीत पीव्हीसीवर ते कितीही आवळले तरी घसरतात. तीन मीटरचा पीव्हीसी पाइप तर स्वतःच्या वजनानेच वाकतो. टोकाशी ओला वायपर आला की तो झोके घेतो, आपण त्याला आवरायला जोर लावतो आणि त्या जोराने अंग चौकटीबाहेर झुकतं.

वायपर सुटला तर काय होतं, याचा हिशोब साधा आहे. सातव्या मजल्यावरून, म्हणजे साधारण २० मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला लागते तेव्हा, हवेचा अडथळा सोडला तर, तिचा वेग ताशी ७० किलोमीटर असतो. पाव किलोचा वायपर त्या वेगाने डोक्यात बसला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

घरीच दांडा जोडायचा असेल तर बांधू नका, बोल्ट लावा. २५ मिलिमीटर जाडीचा लाकडी दांडा घ्या, वायपरच्या नळीतून आरपार ६ मिलिमीटरची दोन भोकं एकमेकांपासून ५ सेंटिमीटरवर पाडा, आणि वॉशर घालून नायलॉक नट आवळा. नायलॉक नटमध्ये आतून नायलॉनची कडी असते, त्यामुळे हलण्याने तो सैल होत नाही. असा दांडा तळमजल्याला आणि घराच्या आतल्या बाजूला निर्धास्त वापरा. वरच्या मजल्यावरून बाहेर काढायचा असेल, तर विकतच्या दांड्याला लावायची तीच दोरी यालाही हवी.

विकतच्या टेलिस्कोपिक दांड्यांमध्येही निवड करावी लागते. आतून पिळून बसणारं लॉक स्वस्त असतं, पण त्यात साबणाचं पाणी गेलं की ते घसरतं, आणि दांडा अचानक मिटला तर तळहाताची कातडी चिमटते. बाहेरून खटका दाबून बसणारं लॉक घ्या. ते डोळ्यांना दिसतं, सैल झालं तर स्क्रू आवळता येतो. दुकानातच दांडा पूर्ण लांब करा, लॉक लावा, टोक जमिनीला टेकवून दोन्ही हातांनी खाली दाबा. जरा जरी सरकला तर घेऊ नका. शेवटचा भाग ओढताना ‘इथे थांबा’ अशी खूण किंवा अडसर असायला हवा. तो नसेल तर निदान १५ सेंटिमीटर भाग आत राहील असं बघा.

डोकं आणि दांडा वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतले की आट्यांचा प्रश्न येतो. बाजारात दोन-तीन प्रकारचे आटे फिरतात आणि वरवर पाहता एकाचं डोकं दुसऱ्याच्या दांड्यावर बसतं. एक-दीड फेरा फिरतं आणि अडकतं, म्हणून आपल्याला वाटतं की घट्ट झालं. प्रत्यक्षात प्लास्टिकचे आटे तिरके कापले गेलेले असतात आणि दोन-चार घासण्यांत डोकं निखळतं. किमान चार फेरे सरळ आणि सहज गेले पाहिजेत. खटक्याने आरपार अडकणारं डोकं सगळ्यात चांगलं.

विजेचा धोका लोक विसरतात. ॲल्युमिनियमचा दांडा वीज वाहतो, कार्बन फायबरचाही वाहतो. ओल्या बांबूवर साबणाचं पाणी ओघळत असेल तर त्याचाही भरवसा धरू नका. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत ११ केव्हीपर्यंतच्या (म्हणजे ११ हजार व्होल्टपर्यंतच्या) तारांपासून इमारतीचं आडवं अंतर किमान १.२ मीटर ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे नियम काटेकोर पाळून बांधलेल्या घरातसुद्धा दोन मीटरचा दांडा खिडकीबाहेर गेला की तार टप्प्यात येते. उपनगरांत, तालुक्याच्या गावांत, चाळींच्या मागच्या बाजूला तर तारा याहून जवळून गेलेल्या असतात. खिडकीसमोर कोणतीही उघडी तार असेल तर तिथे लांब दांडा वापरायचाच नाही. फायबरग्लासचा दांडा घेतला म्हणजे सुटलो असंही नाही, कारण तो कोरडा आणि स्वच्छ असेपर्यंतच वीज अडवतो, आणि काचा पुसताना तो कोरडा कधीच नसतो.

चुंबकाचा दुहेरी क्लीनर

एक भाग आत, एक बाहेर, मधे काच, आणि आतला भाग फिरवला की बाहेरचा त्याच्यामागे फिरतो. कल्पना उत्तम आहे, कारण माणूस पूर्ण आत राहतो. तरी परत केल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये हा क्लीनर हमखास असतो. बहुतेकदा दोष चुकीच्या निवडीचा असतो.

खोक्यावर काचेची जाडी लिहिलेली असते: ३ ते ८ मिलिमीटर, १५ ते २४ मिलिमीटर वगैरे. आपल्याकडच्या स्लायडिंग खिडक्यांना साधारण ४ ते ६ मिलिमीटरची एकेरी काच असते. ‘जास्त ताकदीचा’ म्हणून जाड काचेचा क्लीनर पातळ काचेवर लावला तर दोन्ही भाग दणकन एकमेकांकडे ओढले जातात. काच तडकू शकते, मधे बोट आलं तर चेंगरतं, आणि एवढं होऊन क्लीनर जागचा हलत नाही. उलट, पातळ काचेचा क्लीनर दुहेरी काचेवर (दोन काचा, मधे बंद हवा) लावला तर बाहेरचा भाग सरळ खाली. काच एकेरी की दुहेरी हे ओळखायला रात्री मोबाइलचा टॉर्च काचेशी तिरका धरा. प्रकाशाची दोन प्रतिबिंबं दिसली तर एकेरी, चार दिसली तर दुहेरी.

स्लायडिंग खिडकीत आणखी एक अडचण आहे आणि खोक्यावर ती छापलेली नसते. खिडकी उघडली की एक शटर, म्हणजे काचेचा सरकणारा पल्ला, दुसऱ्याच्या मागे जातं, म्हणजे दोन काचा आणि मधे हवेची फट. चुंबक त्या भागात शिरला की त्याची पकड एकदम ढिली होते आणि बाहेरचा भाग सुटतो. म्हणून खिडकी हात जाईल एवढीच, १५-२० सेंटिमीटर उघडा, बाहेरचा भाग शटरच्या मोकळ्या कडेजवळ लावा, हात आत घ्या आणि आतला भाग समोर टेकवा. दोन ट्रॅकमधली फट क्लीनरच्या जाडीपेक्षा कमी असते, त्यामुळे क्लीनर काचेवर असताना शटर पुढे-मागे सरकवायचं नाही. सरकवलं तर दुसऱ्या शटरची चौकट त्याला ढकलून पाडते. पूर्ण काच पुसायला दोनदा काढून लावावा लागला तरी चालेल.

सोबत येणारी दोरी बारीक असते आणि तिच्या टोकाला बोटात घालायची कडी असते. ती कडी बोटात घालू नका. बाहेरचा भाग सुटला तर झटका थेट बोटाला बसतो. ३ मिलिमीटरची विणलेली नायलॉन दोरी वेगळी घ्या आणि आतल्या ग्रीलला किंवा भिंतीतल्या हुकाला बांधा. पडद्याच्या रॉडला बांधू नका. दोरीची लांबी शटरच्या उंचीपुरतीच ठेवा, लांब ठेवली तर सुटलेला भाग झोका घेऊन खालच्यांच्या काचेवर आदळतो.

काचेवर ओरखडे उठण्याचं कारणही इथेच सांगतो. धुळीत वाळूचे कण असतात. खनिजांच्या मोजमापात वाळूचा कठीणपणा ७ आणि काचेचा ५.५ च्या आसपास. कोरड्या काचेवर चुंबक फिरवला तर तो हे कण दाबून काचेवर रेघा काढतो, आणि या रेघा पुन्हा जात नाहीत. आधी मऊ ब्रशने धूळ झटका, मग पाण्याने भिजवा, त्यानंतरच क्लीनर लावा. पॅड दर काचेनंतर धुवा.

ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी हे साधन हाताळूच नये. लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. प्लास्टिक फुटून आतले चुंबक बाहेर आले असतील तर ते लगेच फेकून द्या. गिळलेले दोन चुंबक आतड्याला भोक पाडू शकतात, ते शस्त्रक्रियेवर जातं.

घरच्या घरी चुंबक जोडून असा क्लीनर बनवण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. त्यात चुंबक गोंदाने चिकटवलेले असतात, आणि पाण्यात तो गोंद सुटतो. हे बनवू नका, असंच आमचं स्पष्ट मत आहे.

फवारा: इथे घरचं वरचढ

काच पुसायला लागतं ते एवढंच: एक लिटर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. जास्त टाकलं तर फेसाचे पट्टे राहतात. हिवाळ्यात किंवा स्वयंपाकघराच्या तेलकट काचेला याच पाण्यात ५० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं तर चालतं, फक्त गॅस बंद असावा. विकतच्या फवाऱ्यांमध्ये पाणी, अल्कोहोल, थोडं साबणद्रव्य, काहींत अमोनिया आणि सुगंध असतो. ते वाईट नाहीत, पण बंद बाथरूममध्ये सलग फवारले तर दमेकऱ्यांना त्रास होतो. कुठलाही फवारा काचेवर न मारता फडक्यावर मारा. हवेत उडणारे थेंब कमी होतात आणि ते नाकात जात नाहीत. बाल्कनीला पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिकची शीट असेल, तर अमोनिया आणि अल्कोहोल दोन्ही टाळा. त्या शीटवर बारीक भेगांचं जाळं उठतं.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग साबणाने जात नाहीत, ते क्षार असतात. त्यावर अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व, किंवा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी. फडकं भिजवून डागावर पाच मिनिटं ठेवा, पुसा, साध्या पाण्याने धुवा. हातमोजे घाला. खिडकीखालचा कट्टा मार्बल, कोटा किंवा कडाप्प्याचा असेल तर त्यावर आधी प्लास्टिक अंथरा. हे दगड आम्लात विरघळतात आणि ओघळाच्या जागी कायमचा मंद पट्टा राहतो. ग्रॅनाइटला भीती नाही.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करायचा सल्ला सगळीकडे असतो. त्याने फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात आणि मागे खारट पाणी राहतं. वर हे मिश्रण झाकणबंद बाटलीत भरलं तर बाटली फुटते. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या चौकटीला लावू नका, त्यावर खड्डे आणि काळे डाग पडतात.

खरं विष इथून सुरू होतं. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर मिसळला की क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियाचा फवारा एकत्र आला की क्लोरामाइन, तोही विषारी वायू. ‘अजून जोरदार’ व्हावं म्हणून दोन बाटल्या एकत्र ओतण्याची सवय यामुळेच जिवावर बेतते. तसं झालंच तर बादली ओतत बसू नका. दार उघडा, बाहेर पडा, मोकळ्या हवेत जा. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठा.

काचेचे जुनाट डाग काढायला काही व्यावसायिक द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते कातडीतून आत जातं, सुरुवातीला बरेचदा दुखतही नाही, आणि रक्तातलं कॅल्शियम कमी करतं. लेबल नसलेल्या बाटलीतलं ‘काचेचं केमिकल’ कितीही स्वस्त असो, घरात आणू नका.

घरचं द्रावण पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरायचं नाही. फवाऱ्याची वेगळी बाटली घ्या, तिच्यावर काय आहे आणि कधी केलं ते लिहा. आरओचं वाया जाणारं पाणी काचांना वापरू नका. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, काच वाळली की तेच डाग उठतात. वर्तमानपत्राने शाई हाताला आणि पांढऱ्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) चौकटीला लागते. जुनं सुती धोतर किंवा मायक्रोफायबरचं फडकं बरं.

उंची, ग्रील आणि शटर उतरवणं

प्लास्टिकचं स्टूल, त्यावर पाट, किंवा चाकांची खुर्ची खिडकीशेजारी कधीच नको. रंगारी वापरतात तसा घोडा विकत घ्या. चार पाय, मधला पट्टा पूर्ण ताणलेला, पायांना रबर. वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. उघड्या खिडकीपासून त्याच्या उंचीइतका तो लांब ठेवा, म्हणजे कलंडला तरी माणूस आतच पडतो.

बॉक्स ग्रीलमध्ये पाय ठेवू नका. ती ग्रील कुंड्यांच्या वजनाचा विचार करून लावलेली असते, माणसाच्या नाही. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत वेल्डिंगच्या सांध्यावर रंगाखाली गंज धरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

बाहेरची काच पुसण्याचा सगळ्यात सुरक्षित मार्ग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्लायडिंग शटर उचलून आत घेता येतं. शटर दोन्ही हातांनी सरळ वर, वरच्या ट्रॅकमध्ये ढकला, खालची कड रोलरसकट ट्रॅकमधून आत ओढा आणि मग खाली सरकवा. शटर उचललं जाऊ नये म्हणून वरच्या ट्रॅकमध्ये छोटा अडसर स्क्रूने लावलेला असेल तर तो आधी काढा, आणि शटर परत बसवल्यावर न विसरता लावा. वजनाचा अंदाज असा: काचेच्या दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. दोन फूट बाय चार फुटांच्या शटरची ५ मिलिमीटर काच ९ किलोच्या आसपास जाते, चौकट वेगळी. म्हणून दोघं लागतात, आणि बाहेर ग्रील असेल तरच हे करा. ग्रील नसेल तर शटर बाहेर निसटण्याचा धोका आहे, तिथे फॅब्रिकेटरच्या, म्हणजे खिडक्या बनवून बसवणाऱ्याच्या, माणसाला बोलवा. शटर आत आलं की जमिनीवर जुनी चादर, आणि मग घरचं साबणाचं पाणी. ट्रॅकमधली माती टूथब्रशने काढा, रोलर सहज फिरतो का बघा.

कामाच्या ताईंना किंवा मावशींना सज्ज्यावर उतरून पुसायला सांगणाऱ्यांसाठी इतकंच. सिंगापूरने २०१२ पासून नियम केला आहे की घरकाम करणाऱ्या परदेशी महिलांनी बाहेरची काच पुसायची असेल तर ग्रील असली पाहिजे, ती कुलूपबंद पाहिजे आणि घरातलं मोठं माणूस समोर उभं पाहिजे. तळमजला आणि सामायिक गॅलरीकडच्या खिडक्या यातून वगळल्या आहेत. हाँगकाँगने २०१७ पासून तशीच अट नोकरीच्या करारातच घातली: ग्रील बंद, आणि हाताशिवाय शरीराचा कुठलाही भाग खिडकीच्या कट्ट्याबाहेर जाता कामा नये. तसा कायदा आपल्या घराला लागू होण्याची वाट न बघता हा नियम आजच पाळता येतो.

रोबो आणि दोरीवरची माणसं

रोबो काचेला हवेच्या ओढीने धरून ठेवतो. वीज गेली तर आतली बॅटरी त्याला काही मिनिटं धरून ठेवते, तेवढ्यात तो काढायचा असतो. मोठ्या, एकसंध काचांना तो छान आहे. बॉक्स ग्रील असेल आणि काच-ग्रीलमध्ये १० सेंटिमीटरसुद्धा जागा नसेल तर पैसे वाया. जोडणीची केबल पाण्यात लोंबू देऊ नका, ३० मिलिअँपच्या आरसीसीबीवरचा (वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरचा) प्लग वापरा, आणि पावसाच्या भुरभुरीत चालवू नका, ओल्या काचेवर तो घसरतो. दोरी त्यालाही हवीच.

बाहेरून सेवा घेणार असाल, तर सोसायटीने दर विचारण्याआधी गच्ची दाखवायला सांगावं. लाकडी फळी आणि एकच दोर, तोही पाण्याच्या टाकीच्या पाइपाला गुंडाळलेला, हा जुगाड रंगकामापासून चालत आलाय. दोरावरच्या कामाचे नियम ठरवणाऱ्या इराटासारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत प्रत्येक माणसाला दोन दोर असतात. एकावर तो काम करतो, तो पडलाच तर दुसरा दोर त्याला धरतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधलेले असतात. पट्टा कमरेचा नको, पूर्ण शरीराचा, आयएस ३५२१ या भारतीय मानकाची खूण असलेला. दोर जिथे कठड्यावरून वाकतो तिथे खाली रबर किंवा कॅनव्हासचं कवच असावं, नाहीतर सिमेंटच्या धारेवर दोर तुटत जातो. कामगारांचा विमा कागदावर पाहा, तोंडी हो म्हटलेलं धरू नका. खाली जागा दोरीने अडवलेली असावी आणि एक माणूस फक्त लोकांना बाजूला ठेवायला उभा असावा. यातलं काहीही कमी असेल तर त्या दिवशी काम थांबवा आणि दोर उतरवायला लावा.